वाचकांचे प्रश्न : दीड तासाचा गेम आणि ठोकळेबाज चित्रे

प्रश्न : 'अ शॉर्ट हाइक' हा छोटा साहसी गेम मी नुकताच एका बैठकीत, दीड-दोन तासांत संपवला आणि तो मला मनापासून आवडला. माझ्या मित्राचे मत मात्र असे की, आजच्या संगणकावर असली जुनाट, ठोकळेबाज चित्रे दाखवणे हा निव्वळ आळस आहे आणि इतक्या लवकर संपणारा गेम विकत घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे. आता मी 'मिनिट' हा गेम सुरू केला आहे, पण त्यात पुरता अडकलो आहे. सरळ वॉकथ्रू, म्हणजे गेम कसा पूर्ण करायचा हे टप्प्याटप्प्याने दाखवणारा व्हिडिओ, पाहावा का?
– एक वाचक

उत्तर : तुमच्या मित्राचे म्हणणे अगदीच निराधार नाही. 'अ शॉर्ट हाइक' (२०१९) हा मुख्यतः अ‍ॅडम रॉबिन्सन-यू या एकाच माणसाने घडवलेला गेम आहे, आणि गेम जिथे घडतो ते अख्खे बेट एकट्या माणसाने बारीकसारीक तपशिलांसह रंगवायचे ठरवले तर ते काम वर्षानुवर्षे चालेल. तेव्हा जुन्या रूपात काटकसर आहेच. आळस मात्र नाही. त्या गेममधले जग मुळात त्रिमितीय आहे आणि ते जाणूनबुजून जाड पिक्सेलांत, म्हणजे मोठ्या चौकोनी ठिपक्यांत, दाखवले जाते. सेटिंग्जमध्ये पिक्सेलचा आकार बदलण्याची सोय आहे. तो लहान करून मित्राला दाखवा. कडा रेखीव होतील, पण झाडे आणि कडे किती मोजक्या आकारांनी उभे केले आहेत हेही लगेच उघडे पडेल. जाड पिक्सेलमुळे उरलेले चित्र पाहणाऱ्याचा डोळा पूर्ण करतो, आणि हे निर्मात्याने पुरते हेरलेले आहे.

खऱ्या जुन्या यंत्रांवर ही निवड नव्हती, सक्ती होती. १९८९ साली आलेल्या गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्राच्या पडद्यावर १६० गुणिले १४४ पिक्सेल आणि अवघ्या चार छटा मिळत. निन्टेन्डोच्या आठ-बिट यंत्रावर एका आडव्या रेषेत आठांपेक्षा अधिक हलती चित्रे आली की जास्तीची दिसेनाशी होत, आणि म्हणून गर्दीच्या प्रसंगी पात्रे लुकलुकत. आजचे गेम त्या काळाचे रूप तेवढे घेतात, ही लुकलुक सहसा घेत नाहीत. म्हणजे ही नक्कल नसून वेचून केलेली निवड आहे. 'मिनिट' (२०१८) तर याही पुढे जातो. तिथे फक्त काळा आणि पांढरा, मधली करडी छटासुद्धा नाही, त्यामुळे कोणते झुडूप कापता येईल आणि कोणते केवळ शोभेचे आहे, हे निव्वळ आकारावरून कळावे लागते. चित्रकाराची इतकी कडक परीक्षा भरजरी चित्रांच्या गेममध्येही क्वचितच होते.

लांबीचे म्हणाल, तर तासांच्या हिशेबाने गेमची किंमत ठरवणे मला कधीच पटलेले नाही. घरी पडून असलेल्या शंभर तासांच्या गेमपैकी आपण किती शेवटास नेले, हे मित्राला विचारून पाहा. 'अ शॉर्ट हाइक'ची नायिका क्लेअर हिला फोनची रेंज मिळवण्यासाठी शिखर गाठायचे असते, आणि सोनेरी पिसे मिळत जातील तसतसे तिला अधिक उंच चढता येते. पण ती पिसे शोधताना वाटेत मासेमारी, किनाऱ्यावरचा चेंडूफळीचा खेळ, शर्यत असे इतके काही भेटते की सरळ शिखराकडे धाव घेणाऱ्याने निम्मा गेम पाहिलेलाच नसतो. तुम्ही तसे केले असल्यास पुन्हा जा. शेवट झाल्यावरही बेटावर हिंडता येते. २०२० च्या इंडिपेन्डन्ट गेम्स फेस्टिव्हलमध्ये सर्वोच्च पुरस्कार याच आटोपशीर गेमला मिळाला, हेही मित्राच्या कानावर घालावे.

आता 'मिनिट'. शापित तलवारीमुळे नायक दर ६० सेकंदांनी मरतो आणि नवी फेरी सुरू होते, पण मिळवलेल्या वस्तू त्याच्याजवळ राहतात, ही गोष्ट लक्षात ठेवली की निम्मी अडचण सुटते. प्रत्येक फेरीत सगळीकडे धावू नका. एका फेरीत एकच दिशा धरा, कुठे काय अडले ते कागदावर नकाशा काढून टिपा, आणि नवी वस्तू हाती येताच आधी अडलेल्या जागा पुन्हा तपासा. फेरीची सुरुवात घरापासून होते. म्हणून दूरचे नवे घर सापडले की पुढच्या फेऱ्या तिथूनच सुरू होतात आणि चालण्यात जाणारी सेकंदे वाचतात. दीपगृहाजवळचा म्हातारा मुद्दाम रेंगाळत बोलतो, त्यामुळे त्याचे बोलणे पुरते ऐकायचे असेल तर वाटेत कुठेही न थांबता थेट त्याच्याकडेच जावे लागते. तिथे चिडू नका, तो विनोद आहे आणि माहितीही.

वॉकथ्रूबद्दल माझे मत कडक आहे. इतक्या छोट्या गेममध्ये अडकून राहणे हाच खेळाचा मोठा भाग असतो. व्हिडिओ पाहून पुढे गेलात तर तुमच्यासाठी फक्त बटणे दाबणे उरते. तरीही सगळ्या वस्तू सगळीकडे वापरून झाल्या आणि काहीच हलत नसेल, तर ज्याने गेम पूर्ण केला आहे अशा कुणाला एवढेच विचारा की, पुढची वस्तू नकाशाच्या कोणत्या बाजूला आहे.