गारगोटीचा काप घरी घासून पॉलिश केला, पण मधला भाग धुरकटच राहतो. सेरियम खराब आहे का?

तुमचं म्हणणं असं की अकीकाचा (म्हणजे पट्टेदार गारगोटीचा) काप १००० नंबरच्या वॉटर पेपरपर्यंत हाताने घासलात (नंबर जितका मोठा तितका कण बारीक), मग फेल्टवर, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडावर, सेरियम ऑक्साइड ही चमक आणणारी बारीक पावडर लावलीत, तर कडेला आरसा झाला आणि मधे धूर. सेरियमवर आळ घेऊ नका. कडेची चमक त्यानेच आणली आहे ना? पॉलिशच्या वेळी दिसणारा दोष बहुतेक वेळा आधीच्या घासकामातला असतो.

त्याआधी दगड तपासा. आपल्याकडे बेसॉल्टमधल्या पोकळ्यांत गारगोटी थराथराने भरत जाते आणि मधोमध कधीकधी कॅल्साइट हे मऊ खनिज बसलेलं असतं. अकीकाची कठीणता मोहस मापावर (खनिजांच्या कठीणतेचं एक ते दहाचं माप) साडेसहा ते सात, कॅल्साइटची तीन. पोलादी सुईने मधे खरवडा. खोलगट ओरखडा पडला तर तो भाग अकीकासारखा कधीच चमकणार नाही, त्याच्या मागे लागू नका. नुसती करडी रेघ उमटली तर ती सुईच्या धातूची; दगड कडक आहे.

दगड ठीक असेल तर मला दोन शंका आहेत. पहिली सपाटीची. कागद कशावर ठेवून घासलात ते तुम्ही लिहिलेलं नाही. खाली फळी, रबर किंवा कापड असेल तर ते दबतं, कडा जास्त घासल्या जातात आणि मधे आरीच्या पात्याचे व्रण तसेच राहतात. कापावर मार्करने जाळी काढा, काचेवर चिकटवलेल्या ४०० च्या कागदावर पाण्यासोबत थोडे फेरे मारा. रेघा सगळीकडे सारख्या पुसल्या गेल्या नाहीत तर सरळ २२० वर परत जा. कंटाळवाणं आहे, पण खालच्या नंबरावर वेळ वाचवला की वरचे सगळे नंबर फुकट जातात.

दुसरी शंका नंबराची, आणि इथेच बरेच जण फसतात. कागदावरचे १००० आणि सुट्या कार्बोरंडम पावडरीचे (घासकामाची कडक भुकटी) १००० एक नव्हेत. पी-१००० कागदाचा कण साधारण १८ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तर युरोपीय मापाच्या एफ-१००० पावडरीचा जेमतेम साडेचार. म्हणजे तुम्ही अजून भरड अवस्थेतच सेरियमवर उडी मारली आहे. कागदच वापरायचा तर निदान २००० पर्यंत जा, ३००० मिळाला तर उत्तम. मोटारींच्या रंगकामाचं सामान विकणाऱ्यांकडे हे कागद असतात.

मी स्वतः सुटी पावडर पसंत करतो. १० मिमी जाड काचेचा तुकडा, त्यावर चिमूटभर पावडर, थोडं पाणी, आणि इंग्रजी आठच्या आकड्यात हात. पुण्यात दुर्बिणीचे आरसे घरी घासणारी हौशी मंडळी आहेत, त्यांच्याकडे हीच पावडर आणि हेच सेरियम असतं. ओळख निघाली तर सोडू नका. लहान दगड एकाच जागी फिरत राहिला तर काच मधे खोल होते आणि दगडाला पोट येतं, म्हणून काच कडेपर्यंत पूर्ण वापरायची. सुरुवातीलाच दगडाच्या कडेची धार थोडी बोथट करून घ्या, नाहीतर तिचा टवका उडून पृष्ठभागावर लांब चरा ओढतो.

नंबर बदलताना दगड, हात, नखं, सगळं ब्रशने धुवायचं. २२० चा एक कण फेल्टमध्ये शिरला तर ते फेल्ट बाद.

सेरियम साईसारखं दाट करून ओल्या फेल्टवर लावा आणि फेल्ट अर्धवट सुकत आलं की नेटाने घासा. दगड ओढला जातोय असं जाणवतं, तेव्हाच खरी चमक येते. दगड चटका बसेल इतका तापू देऊ नका, तडा जातो.

कोरडं कधीही घासू नका. दगडातल्या सिलिकाची धूळ फुप्फुसात कायमची बसते. आणि घासलेला गाळ बेसिनमध्ये ओतू नका, तो पाइपात सिमेंटसारखा घट्ट बसतो. बादलीत निवळू द्या, वरचं पाणी काढा, खालचा चिखल कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका.