'माझी मदत कर' की 'मला मदत कर'?

प्रश्न असा आला आहे: घरात मराठीच बोलतात, तरी नववीतली मुलगी 'आई, माझी मदत कर ना' म्हणते. हे चूक का? आणि हिंदीमुळे मराठी बिघडते का?

रूढ मराठी रचना 'मला मदत कर' हीच. 'माझी मदत कर' हा 'मेरी मदद करो'चा साचा. मला तो खटकतो, कारण आपल्याकडे 'माझी मदत' म्हणजे मी केलेली मदत. 'त्याला माझी मदत झाली' म्हटलं की मदत करणारा मी, हे उघड असतं. 'शेजाऱ्यांची मदत आजही आठवते' हे वाक्य घ्या. मदत शेजाऱ्यांनी केली की शेजाऱ्यांना केली, अशी शंका आपल्याला येत नाही. नवा साचा रुळला तर ती येऊ लागेल.

'मी तुला मिस केलं' मधला परका शब्द कानाला लगेच कळतो. इथे मात्र सगळे शब्द घरचेच ('मदत' मुळात अरबी, पण केव्हाच आपली झालेली), फक्त विभक्ती हिंदीच्या वळणाची. म्हणून बोलणाऱ्याला पत्ताच लागत नाही.

दुसरी भाषा पहिलीत इतकी खोल शिरते का? शिरते, अगदी वाचनातही. पाओला दुसियास आणि नुरिया सागारा यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्पॅनिश मातृभाषा असलेल्यांची नजर वाचताना कशी फिरते ते टिपलं. वाक्य साधारण असं: पोलिसांनी नोकराच्या बहिणीला पकडलं, आणि पुढे 'आजारी' असलेल्या कुणाचा तरी उल्लेख. आजारी कोण, ते स्पॅनिशमध्ये विशेषणाच्या लिंगावरून कळतं. फक्त स्पॅनिश येणाऱ्यांना आजारी बहीण असलेलं वाक्य सोपं गेलं. दीर्घकाळ इंग्रजी वातावरणात राहिलेल्यांना मात्र, स्पॅनिश वाचत असूनही, इंग्रजी वाचकांप्रमाणे आजारी नोकर असलेलं वाक्य सोपं गेलं. इंग्रजीचा सहवास थोडाच झालेले पहिल्या गटासारखेच वाचत होते. स्पॅनिश कुणीच विसरलं नव्हतं. अर्थ लावण्याची सवय तेवढी बदलली होती.

म्हणून 'बिघडते' हा शब्द मी वापरणार नाही. मुलीला दोन्ही वाक्यं ऐकवून बघा. 'मला मदत कर' तिला सहज वाटलं, तर मराठी रचना तिच्याकडे शाबूत आहे, फक्त तोंडात हिंदीची आधी येते. तेच तिला विचित्र वाटलं, तर तिच्या मराठीत या क्रियापदाचा नियमच बदलला आहे, आणि ती गोष्ट वेगळी.