बेळगावात गल्लीतली पोरं मिळून गरजूंसाठी जेवणाची पाकिटं करायची म्हणतोय, सुरुवात कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की मंडळाची 15-20 पोरं आहेत, दर रविवारी दुपारी 200 पाकिटं वाटायचा विचार आहे, मेनू काय ठेवू. मी शहापुरातला, आम्ही चार वर्षं हेच करतोय म्हणून सांगतो, मेनू नंतर ठरवा, आधी आठवडाभर रात्री फिरून बघा कोण कुठं किती वाजता उपाशी असतंय.

आम्ही ते बघितलं नव्हतं. रविवारी दुपारी स्टँडवर गेलो तर आमच्या आधीच दोघंजण वाटून गेलेले, एकेकाजवळ तीन-तीन पाकिटं, आणि तिथलीच माणसं मंगळवारी रात्री नुसत्या पाण्यावर झोपतात हे नंतर कळलं. मग मावशीला दवाखान्यात ॲडमिट केलं तेव्हा अजून एक दिसलं. पेशंटला जेवण येतं, सोबत आलेल्या माणसाला नाही. खानापूर, गोकाक, तिकडं चंदगडकडनं आलेली माणसं, खिशातले पैसे औषधाला राखून ठेवलेले, चहा-बनवर रात्र काढतात. रेशनचा तांदूळ घरी असतोय की, कर्नाटक सरकारच्या अन्नभाग्य योजनेचा, पण चूल गावात आणि माणूस इथं व्हरांड्यात. सरकारचं स्वस्त जेवणाचं इंदिरा कँटीन सुरू झालं तेव्हा 5 रुपयाला नाष्टा, 10 रुपयाला जेवण असा दर ठेवलेला, खूप चांगली सोय आहे ती, पण एकटीच बाई पेशंटजवळ असेल तर ती उठून जाणार कशी. म्हणून आम्ही मंगळवार आणि गुरुवार धरले, रात्री आठ वाजता, जागा तीच वेळ तीच.

आता जेवण. मसालेभात किंवा चित्रान्न, म्हणजे लिंबू पिळलेला फोडणीचा भात, करा, सोबत शेंगदाण्याची सुकी चटणी आणि एक केळं. 100 पाकिटांना 12 किलो तांदूळ पुरतो, मोठा हंडा आणि झारा भांडीवाल्याकडं भाड्यानं मिळतोय. ओल्या नारळाची चटणी आणि दहीभात उन्हाळ्यात अजिबात नको. एप्रिलमध्ये आमच्याकडनं एकदा चूक झाली, चार वाजताच भात करून गरम गरम डब्यात भरून झाकणं लावली, वाफेचं पाणी आत साठलं आणि आठ वाजेपर्यंत वास यायला लागला. एका आजोबांनी बाजूला बोलावून हळूच सांगितलं, "बाळा, भात उतरलाय". सगळी पाकिटं परत घेतली, त्या रात्री तिथं कोणाच्याच पोटात काही गेलं नाही, मला अजून ते आठवलं की बरं वाटत नाही. तेव्हापासून भात सहाच्या पुढंच चुलीवरनं उतरतो, भरताना थोडी वाफ जाऊ देतो, उतरल्यापासून दोन तासाच्या आत हातात. उरलेला भात दुसऱ्या दिवशी गरम करून वाटायचा नाही, शिळ्या भातात जे विष तयार होतं ते परत गरम करून जात नाही. पोरांना हे आधीच नीट समजवा, कारण अन्न टाकायला आपल्याला जड जातंय आणि तिथंच चूक होते.

वाटताना फोटो नको. रात्री दवाखान्यात बसलेल्या माणसाचा चेहरा आपल्या स्टेटसला कशाला. नुसतं "जेवलात काय", कन्नड माणूस असेल तर "ऊट आयता" एवढं विचारायचं आणि पाकीट हातात द्यायचं, भाषेवरनं इथं बाहेर काय का चालू असेना, त्या रांगेत आम्हाला कधी त्रास झाला नाही.

आणि 200 चा आकडा सोडा. 40 पासून सुरू करा पण ठरलेला वार चुकवू नका, पाऊस असो नाहीतर मॅच, कारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून माणसं तुमची वाट बघायला लागतात, त्या भरवशावर बाहेर काही खात नाहीत. 20 पोरं सगळी एकाच दिवशी बोलवू नका, सात-आठ जणांच्या दोन बॅच करा, म्हणजे परीक्षा किंवा कोणाच्या घरचं लग्न निघालं तरी हंडा चुलीवर चढतोय. पहिल्यांदा बघून शिकायचं असेल तर गुरुवारी पाच वाजता आमच्याकडं या, कांदा चिरायला माणसं कमीच पडतात.