नवी अंगणवाडी हाती घेताना

बाय, डिचोलीत तुझ्याकडे येणारी बरीच मुलं घरी कोंकणी बोलणारी असतील, कामासाठी आलेल्या कुटुंबांतली काही कन्नड. त्यामुळे मूल गप्प बसलं की त्याला लगेच 'मठ्ठ' ठरवू नकोस. आधी पाठीमागून, हळू आवाजात हाक मार. वळलं नाही, तर कान तपासून घ्यायला सांग. दोन वर्षांचं मूल 'उदक दी' असे दोन शब्दही जोडत नसेल, तर 'मुलगे उशिराच बोलतात' हे आजीचं म्हणणं मान्य करून थांबायचं नाही. आईला सोबत घेऊन सरळ प्राथमिक आरोग्य केंद्र गाठ. इथे वाट पाहण्यात मुलाचं फार नुकसान होतं.

वजन-उंची दर महिन्याला, न चुकता.

तिसऱ्या वर्षीच पाटी गिरवून घ्या म्हणून पालक मागे लागतील. त्यांना समजाव, बोटांत बळ आधी यायला हवं. कणीक मळू दे, ओल्या वाळूत करवंटीने घरं करू दे. चिंचोके मात्र अजिबात नकोत, नाकात घालतात. एखाद्याला गोंगाट सोसत नसेल तर त्याला ओढून गाण्यात बसवू नकोस. दाराजवळ बसून ऐकू दे.