वाचक विचारतात : लपणातून बिबट्या आणि सिंहाची शिकार

दक्षिण आणि पूर्व आफ्रिकेत परवान्याने होणारी बिबट्याची शिकार जवळजवळ नेहमीच आमिष बांधून, लपणात बसून होते. सिंहाचीही बऱ्याचदा तशीच होते. या पद्धतीबद्दल वाचकांनी विचारलेल्या काही प्रश्नांची ही उत्तरे.

मांस टांगायचे आणि आडोशाला बसून गोळी घालायची, यात कसब ते काय? पायी माग काढून शिकार का करत नाहीत?

झुडपात बिबट्या दिसला तर दोन-तीन सेकंद दिसतो. तेवढ्यात तो नर की मादी, चार वर्षांचा की आठ, हे कोणालाही सांगता येणार नाही. आमिषावर आलेला बिबट्या मात्र दहा-पंधरा मिनिटे एकाच फांदीवर असतो. दुर्बिणीतून त्याचे डोके, मान, गळ्याखालची लोंबती कातडी, मागचे अंग सारे नीट पाहता येते. लपणाचा खरा उपयोग हा आहे. टांझानियात बिबट्याच्या मादीवर गोळी झाडणे गुन्हा आहे आणि दक्षिण आफ्रिकेने 2018 पासून किमान सात वर्षांच्या नराचाच आग्रह धरला आहे. न पाहता हे नियम पाळता येत नाहीत. बसलेल्या दहा संध्याकाळींपैकी नऊ वेळा बंदुकीला हात न लावता परत यायची ज्याची तयारी नाही, त्याने या वाटेला जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आमिष कोणते, किती आणि कसे बांधायचे?

बिबट्यासाठी सर्वांत सोयीचा इम्पाला, म्हणजे हरणासारखा दिसणारा आफ्रिकी प्राणी. पूर्ण वाढलेला नर 55-60 किलोंचा भरतो, म्हणजे एका बिबट्याला तीन-चार रात्री पुरतो. वॉर्टहॉग (आफ्रिकी रानडुक्कर) किंवा झेब्र्याची एक मांडीही चालते. आमिषाचे जनावरसुद्धा परवान्यातलेच असावे लागते. चौदा दिवसांच्या सफारीत एकावर भिस्त ठेवून भागत नाही. सहा ते दहा ठिकाणी आमिषे बांधतात आणि रोज सकाळी फेरी मारून पाहतात.

जागा निवडताना बिबट्या कोठून चालतो ते आधी पाहा. कोरड्या नदीचे वाळूचे पात्र, दोन टेकड्यांमधली खिंड, पाणवठ्याकडे जाणारी पायवाट, हे त्याचे रस्ते. जवळ दाट झाडोरा हवा, कारण उघड्यावरून चालत येणे त्याला आवडत नाही. झाड किंचित कललेल्या खोडाचे आणि खरखरीत सालीचे निवडावे. मारुला, लेडवूड, नदीकाठचे सॉसेज ट्री ही नेहमीची झाडे. जमिनीपासून तीन-साडेतीन मीटरवर आडवी, जाड फांदी असावी.

आमिष फांदीला अगदी लगटून बांधतात, म्हणजे बिबट्याला फांदीवर पसरूनच खावे लागते आणि तो आडवा दिसतो. खालचे टोक जमिनीपासून दोन मीटरपेक्षा खाली आले की तरस उडी मारून ते ओढून नेणार. बांधायला दोर कधीच वापरू नये. मागच्या पायाच्या घोट्यावर हाड आणि शीर यांच्या मधून जाड तार किंवा साखळी ओवून फांदीला दोन-तीन वेढे द्यावेत. नवखे लोक इथेच चुकतात. एकाच ठिकाणी सैल बांधलेला इम्पाला बिबट्या पहिल्याच रात्री सोडवतो, दुसऱ्या झाडावर नेतो आणि आठवड्याची मेहनत वाया जाते.

मग आमिषावर पानांच्या डहाळ्या बांधायच्या. आफ्रिकेतली गिधाडे वासाने नव्हे, नजरेने अन्न शोधतात. झाकलेले आमिष त्यांना दिसत नाही. उघडे ठेवले तर दुपारपर्यंत हाडे उरतील. बिबट्याला मात्र वास लागावा म्हणून इम्पालाचे आतडे आणि कोठा जाळीत बांधून गाडीमागे ओढत नेतात. झाडाच्या दोन्ही बाजूंना एक-दोन किलोमीटर, शक्यतो नदीपात्रातून. कोठ्यातला चोथा खोडाला फासला की वास आणखी दोन दिवस टिकतो.

आमिष खाल्ले आहे, पण कोणी, हे कसे ओळखावे?

झाडाखालची माती पहिल्याच दिवशी फांदीने झाडून सपाट करून ठेवावी, म्हणजे ठसा स्वच्छ उठतो. चित्ता सोडला तर मार्जारकुळातल्या प्राण्याच्या ठशात नखे दिसत नाहीत, तरसाच्या ठशात दिसतात. नर बिबट्याच्या पुढच्या पंजाचा ठसा मोठा आणि गोलसर, मादीचा लहान आणि लांबट असतो. खोडावर ताजे ओरखडे आणि सालीत अडकलेले केस सापडले की तो झाडावर चढला हे नक्की. बिबट्या खाण्याआधी केस उपटतो, त्यामुळे खाली केसांचे पुंजके पडलेले असतात. तरस हाडे फोडतो.

आता याच्या जोडीला ट्रेल कॅमेरा, म्हणजे हालचाल होताच आपोआप फोटो काढणारा कॅमेरा लावतात. तो आमिषाच्याच झाडाला न लावता पाच-सहा मीटरवरच्या दुसऱ्या झाडाला, फांदीला काटकोनात लावावा. लालसर चमक न दिसणारा इन्फ्रारेड कॅमेरा घ्यावा. कार्ड काढायला भर दुपारी, बिबट्या विसावलेला असताना जावे. फोटोत मागून वृषण दिसले तर नर हे ठरले. वयासाठी गळ्याखालची लोंबती कातडी पाहावी. म्हाताऱ्या नरात ती ठळक असते, मान जाड आणि डोके रुंद होते, कान फाटलेले असतात. एका फोटोवरून निर्णय घेऊ नये. डोके वर उचलले की तरुण नराचीही मान जाड भासते.

लपण किती अंतरावर आणि कोणत्या दिशेला बांधावे? पुस्तकात सगळे वाऱ्याचेच सांगतात.

वारा महत्त्वाचा आहेच, पण प्रकाशही तितकाच महत्त्वाचा, आणि दोघांचे पटत नाही. बिबट्या बहुधा सूर्य मावळल्यावर येतो. उष्ण कटिबंधात संधिप्रकाश फार थोडा वेळ टिकतो. झिम्बाब्वेत जूनमध्ये साडेपाचच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि पंचवीसएक मिनिटांत नुसत्या डोळ्यांना फांदी दिसेनाशी होते. म्हणून फांदीमागे मावळतीचे मोकळे आकाश असावे, म्हणजे बिबट्याची आकृती त्यावर काळी उमटते. याचा अर्थ लपण झाडाच्या पूर्वेला हवे. पण कोरड्या ऋतूत आफ्रिका खंडाच्या या दक्षिण भागात वारा बहुतेक आग्नेयेकडून किंवा पूर्वेकडून वाहतो, म्हणजे तो बसणाऱ्याच्या पाठीवरून थेट आमिषाकडे जाणार.

यातून वाट अशी काढतात की लपण ईशान्येला किंवा दक्षिणेला सरकवून वारा आडवा घ्यायचा आणि आकाशाची मोकळी फट थोडी तिरकी मिळाली तरी चालवून घ्यायची. जूनमध्ये तिथे सूर्य पश्चिमेच्या जरा उत्तरेला मावळतो, हे झाड निवडतानाच लक्षात ठेवावे. वारा आडवा चालतो, पाठीवरचा चालत नाही. दोन्ही जमत नसेल तर ते झाड सोडून द्यावे. बांधलेले आमिष सोडवून घ्यायला माणसे कचरतात आणि मग चार संध्याकाळी फुकट घालवतात.

अंतर 50 ते 70 मीटर. त्याहून जवळ श्वास ऐकू जातो, त्याहून दूर अंधुक उजेडात नर-मादी कळत नाही.

लपण सुमारे दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि खुर्चीवर बसल्यावर डोक्यावर हातभर उरेल एवढे उंच असावे. लाकडे आणि गवत तिथल्या झाडांचे नको. अर्धा किलोमीटर लांब तोडून आणावे, कारण बिबट्या आमिषापासून दोनशे मीटरवर झोपलेला असू शकतो. गवताच्या भिंती दुहेरी रचाव्यात आणि आतून काळे कापड लावावे. मागची भिंत आणि छत पूर्ण बंद हवे. मागून उजेड आला की समोरच्या भोकातून माणसाची हालचाल स्पष्ट दिसते, आणि बहुतेक लपणे फसतात ती यामुळेच. समोर दोनच भोके, वीतभर रुंदीची: एक बंदुकीला, एक दुर्बिणीला.

जमीन खरवडून पालापाचोळा, काटक्या काढाव्यात, वर वाळू आणि जुना गालिचा अंथरावा. लपणापर्यंतची शेवटची शंभर मीटर वाटही झाडून घ्यावी. मोपानीच्या झाडाची वाळकी पाने पापडासारखी वाजतात. लपणातून फांदीपर्यंतच्या रेषेतली प्रत्येक काडी कापलेली असावी, कारण एका डहाळीनेही गोळी वळते. ही तपासणी बसून, बंदुकीच्या उंचीवरून करायची, उभे राहून नाही.

आत गेल्यावर काय काळजी घ्यायची?

दुपारी तीन-साडेतीनला गाडीने लपणाच्या शेजारी यायचे, इंजिन चालू ठेवून दोघांनी उतरायचे आणि गाडीने आवाज करत निघून जायचे. बिबट्याने आवाज ऐकला असेल तर माणसे आली आणि गेली असे त्याला वाटते. दोघेच: परवानाधारक व्यावसायिक शिकारी आणि पाहुणा, म्हणजे शुल्क भरून शिकारीला आलेला माणूस.

बंदूक पुढे-मागे दोन टेकूंवर, फांदीवर नेम धरलेल्या स्थितीत ठेवावी. गोळी नळीत आधीच भरून सेफ्टी लावावी, कारण बोल्टचा (गोळी नळीत सरकवणाऱ्या खिट्टीचा) आवाज संध्याकाळच्या शांततेत फार दूर जातो. घड्याळाचा गजर बंद, फोन बंद. नायलॉनचे जाकीट, वेल्क्रोचे खिसे, चुरचुरणारी प्लास्टिकची बाटली यांपैकी काही आत नको. डासांचे मलम लावायचे तर बिनवासाचे, तासभर आधी. खोकला असेल त्या दिवशी बसूच नये.

बिबट्याची चाहूल इतर प्राणी देतात. बबून भुंकतात, गिनीफाउल कलकलाट करतात, इम्पाला फुरफुरतो, आणि मग सगळे गप्प होतात. खुद्द त्याचा पहिला आवाज ऐकू येतो तो सालीवर नखे रोवल्याचा. त्या क्षणी हलायचे नाही. तो फांदीवर स्थिरावून खाऊ लागेपर्यंत दुर्बीणही उचलायची नाही.

मादी किंवा पिल्ले आली तर ती खाऊन जाईपर्यंत तसेच बसायचे. ती असताना बाहेर पडलात तर ती त्या झाडाला कायमची बिचकते. काळोख झाला की वायरलेसवर ठरलेली खूण द्यायची आणि गाडी लपणाला येऊन भिडल्यावरच बाहेर पडायचे. काळोखात पायी चालत निघणे हा मूर्खपणा आहे. त्याच वासावर सिंहही येतात.

रात्री दिवा लावून बसता येते का?

टांझानियात नाही, नामिबियात नाही. झिम्बाब्वेत सरकारी सफारी क्षेत्रात नाही. तिथल्या खासगी जमिनीवर मात्र परवानगी असते.

सिंहासाठी काय बदलते?

आमिष मोठे लागते: झेब्र्याचा किंवा रानम्हशीचा मागचा अर्धा भाग, तोही साखळीने. सिंह क्वचितच झाडावर चढून खातो. तो मागच्या पायांवर उभा राहून खातो. म्हणून आमिषाचे टोक दोन मीटरच्या थोडे वर ठेवतात. मोठ्या नराला ते पुरते, तरसाला आणि बच्च्यांना पुरत नाही. सिंह पोट भरल्यावर जवळच पडून राहतात, म्हणून पहाटे अंधारात लपणात शिरणे जास्त धोक्याचे असते. गवताची भिंत सिंहाला थांबवत नाही.

वयाचा नियम इथेही कडक आहे. टांझानिया, झिम्बाब्वे आणि मोझांबिकच्या नियासा अभयारण्यामध्ये नर किमान सहा वर्षांचा लागतो. कारण असे की कळपातला नर मेला की नवे नर येऊन लहान बच्च्यांना मारतात. सहा वर्षांनंतर त्याची एक पिढी बहुधा वाढून मोकळी झालेली असते. 2004 मध्ये टांझानियातल्या सिंहांवरचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात नाकाच्या रंगावरून वय सांगता येते असे दिसले. गुलाबी नाक वयाबरोबर काळे होत जाते आणि निम्म्याहून जास्त काळे नाक म्हणजे साधारण पाच वर्षांच्या पुढचा नर. पण नाकाचा रंग प्रदेशागणिक बदलतो. आयाळ, चेहऱ्यावरचे व्रण, दातांची झीज हे सारे मिळून पाहावे लागते. बरोबर बच्चे असतील तर वय कितीही असो, आम्ही नको म्हणू.

बंदूक कोणती, आणि जखमी झाला तर?

झिम्बाब्वेत बिबट्यासाठी किमान 7 मिलिमीटर व्यास आणि 3,000 जूल शक्ती लागते. बिबट्याची कातडी पातळ असते, म्हणून मऊ टोकाची, लवकर फुलणारी गोळी योग्य. तो आडवा आणि स्थिर असतानाच खांद्यावर नेम धरावा. चढत असताना किंवा समोरून तोंड असताना झाडू नये. सिंहासाठी .375 इंच व्यासाच्या खाली जाऊ नये.

जखमी बिबट्या झुडपात दबा धरतो आणि माणूस दोन पावलांवर आल्यावर झडप घालतो. त्याला शोधून संपवणे ही व्यावसायिक शिकाऱ्याची कायदेशीर जबाबदारी आहे. पाहुण्याने गाडीत थांबावे. जखमी जनावर सापडले नाही तरी ते कोट्यात मोजले जाते आणि पूर्ण शुल्क द्यावे लागते. जुलै 2015 मध्ये झिम्बाब्वेतल्या ह्वांगे राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीबाहेर सेसिल नावाचा, संशोधकांचा जीपीएस पट्टा घातलेला सिंह आमिषाजवळ बाणाने जखमी झाला आणि कित्येक तासांनी मारला गेला. उद्यानाच्या सीमेलगत आमिष बांधणे म्हणजे आतले सिंह बाहेर ओढणे, आणि अपुऱ्या खात्रीने सोडलेला वार म्हणजे जनावराचे हाल. दोन्ही टाळता येण्यासारखे होते.

किती बिबटे मारायला परवानगी आहे?

बिबट्या साइट्स (धोक्यात आलेल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) कराराच्या परिशिष्ट एकमध्ये आहे, त्यामुळे कातडे देशाबाहेर नेण्यासाठी देशवार वार्षिक कमाल संख्या ठरलेली आहे: टांझानिया 500, झाम्बिया 300, नामिबिया 250. ही कमाल आहे, लक्ष्य नव्हे. दक्षिण आफ्रिकेने 2016 आणि 2017 मध्ये ती शून्यावर आणली होती. केनियात 1977 पासून शिकार बंद आहे.

सफारी संपली आणि योग्य नर आलाच नाही, तर आमिषांचे काय करतात?

त्याच दिवशी सगळी उतरवतात. उरलेले मांस आणि हाडे तरस, गिधाडे नेतात. पण तार आणि साखळ्या झाडावर राहता कामा नयेत. प्रत्येक झाडावर किती मीटर तार वापरली हे बांधतानाच वहीत लिहावे आणि उतरवताना मोजून परत घ्यावी. चोरटे शिकारी फासे लावतात ते अशाच उरलेल्या तारेचे, आणि त्या फाशात बिबट्याही अडकतो.