नवीन गेम्समधले बॉस मुद्दाम छळायलाच बनवतात का? पुन्हा पुन्हा मरण्यात लोकांना मजा तरी काय येते?

छळायलाच बनवतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही. बॉस म्हणजे टप्प्यावर गाठणारा दांडगा शत्रू, त्याचं कामच वाट अडवायचं. पण अडवण्याअडवण्यात फरक असतो, आणि तुमचा वैताग वाचून वाटलं की तुम्ही दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात घातल्या आहेत. तुम्ही लिहिलंय की एल्डन रिंग हा गेम मार्गिट या बॉसपाशी सोडून दिलात, मग सगळे वाखाणतात म्हणून सिल्कसाँग हा गेम घेतलात आणि तिथे लास्ट जज या बॉसने जीव नकोसा केला. आता प्रश्न पडलाय की आपल्यालाच जमत नाही की हल्लीचे गेमच असे आहेत, आणि पुढे काय खेळावं. दोन्ही गेम मी संपवलेत आणि दोन्हींना मनसोक्त शिव्याही घातल्यात. माझ्या मते लास्ट जजवरचा तुमचा राग बराचसा रास्त आहे. मार्गिटवरचा नाही.

कुठल्याही बॉसकडे बघताना मी दोनच गोष्टी विचारात घेतो. मेल्यावर आपण का मेलो हे कळलं का? आणि पुन्हा त्याच्यासमोर उभं राहायला किती वेळ गेला? बॉस किती जोरात मारतो, त्याचा हेल्थ बार किती लांब आहे, हे नंतरचं. कारण कळलं आणि लगेच परत भिडता आलं, तर माणूस रात्रभर मरायला तयार असतो. यातलं एक जरी बिघडलं तरी कंट्रोलर आपटावासा वाटतो.

मार्गिटचंच घ्या. तो काठी उगारतो आणि तशीच धरून ठेवतो. आपण इतकी वर्षं शिकलेलो असतो की समोरच्याने हात उचलला रे उचलला की डॉज (वार चुकवायचं बटण) दाबायचा. तसा तुम्ही दाबता, रोल (कोलांटी) होतो, संपतो, तुम्ही उठून उभे राहता, आणि तेव्हा ती काठी डोक्यात बसते. रोलच्या सुरुवातीच्या काही फ्रेम्समध्येच (क्षणाच्या तुकड्यांत) इजा होत नाही, त्यामुळे घाईने मारलेला रोल म्हणजे न मारल्यासारखाच. हा वार मुळात तुमच्या सवयीला लावलेला सापळा आहे. म्हणून काठी वर जाते तिकडे बघूच नका, ती खाली यायला लागते तेव्हा दाबा. आणि मागे पळू नका, त्याच्याच अंगावर, बगलेतून रोल मारा. लांब पळून जाऊन तब्येत भरणारी बाटली तोंडाला लावलीत तर तो खंजीर फेकतो, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. प्रत्येक मरणाला कारण आहे आणि दोन-चार वेळा मेलं की ते दिसतं. जवळच ग्रेस (मेल्यावर जिथून पुन्हा सुरू होतं ती जागा) आहे, त्यामुळे परत जायला फार वेळ लागत नाही.

त्यातून एल्डन रिंग मोकळ्या जगाचा गेम आहे, हे लोक विसरतात. मार्गिटला हरवल्याशिवाय पुढे जाता येत नाही, हा निव्वळ भ्रम. दक्षिणेला वीपिंग पेनिन्सुला अख्खा पडलाय. तिथे फिरा, तलवार सुधारा, लेव्हल वाढवा, मग या. धुक्याच्या दाराबाहेर रॉजियर या मदतनीसाची समनची (मदतीला बोलावण्याची) खूण असते, त्याला बोलवा. पॅचेस नावाच्या विक्रेत्याकडून मार्गिटला जखडून ठेवणारी बेडी विकत मिळते, ती वापरा. आणि यातलं काहीही केलंत तरी 'खरं जिंकणं नव्हे' म्हणणारे भेटतील. त्यांच्याकडे दुर्लक्ष करा, त्यांना दुसरं काम नसतं.

आता सिल्कसाँग. घोषणेनंतर साडेसहा वर्षं वाट बघायला लावून तो ४ सप्टेंबर २०२५ ला आला, तेव्हा पहिल्याच तासांत गर्दीने ऑनलाइन स्टोअर्स बसली होती. लास्ट जज हा बॉस म्हणून मला आवडतो. साखळीला बांधलेलं जळतं धुपाटणं फिरवत येतो, हालचाली ठसठशीत आहेत, काय करणार ते आधी कळतं. फटका लागला की दोन मास्क (तुमच्या तब्येतीची एककं) जातात, आणि सुरुवातीला असतात एकूण पाच. तेही चालेल. पण मेल्यावर बाकापासून (जिथून पुन्हा सुरू होतं तिथून) त्याच्या दारापर्यंतचा रस्ता! वारा, उड्या, जमिनीतून भोकं पाडत येणारे शत्रू, एक उडी चुकली की पुन्हा खालून. पहिल्यांदा तो रस्ता म्हणजे शोध असतो, दुसऱ्यांदा सराव. त्यानंतर त्यातून शिकण्यासारखं काहीच उरत नाही, नुसतं भाडं भरत राहायचं. 'त्या वेळात डोकं शांत होतं' असं काही जण समर्थन करतात. माझं तरी कधी झालं नाही. उलट शेवटच्या फेजमध्ये (लढाईच्या टप्प्यात) काय चुकलं ते डोक्यात ताजं असताना दोन मिनिटं उड्या मारत बसलं की दारात पोचेपर्यंत ते विसरायला होतं.

आणि एवढं करून तो पडला की मरता मरता स्फोट होतो. आनंदाने जवळ उभे राहिलात तर तुम्हीही जाता. यावर मी हसलो होतो, पण हसू जरा उशिरा आलं. याच गेममधल्या हंटर्स मार्च या भागात बसायला जावं तर बाकच सापळा निघतो, त्याच जातीचा विनोद. ज्याला हा विनोद झेपत नाही त्याचं काही चुकत नाही. खुद्द गेम बनवणाऱ्या टीम चेरीने पहिल्याच पॅचमध्ये (दुरुस्तीच्या अपडेटमध्ये) मूरविंग आणि सिस्टर स्प्लिंटर हे सुरुवातीचे दोन बॉस थोडे सौम्य केले, तेव्हा तक्रारी अगदीच हवेतल्या नव्हत्या.

गंमत म्हणजे लांब रस्त्याच्या या छळाची सवय लावली ती एल्डन रिंग बनवणाऱ्या फ्रॉमसॉफ्टवेअरनेच, डार्क सोल्समधून, २०११ मध्ये. आणि त्यांनीच एल्डन रिंगमध्ये बऱ्याच बॉसच्या दाराशी मारिकाचे खांब (मेल्यावर तिथूनच पुन्हा सुरू करायची सोय) रोवून तो रस्ता काढून टाकला. त्याने बॉस सोपे झाले का? मुळीच नाही. उलट आणखी अवघड करायला त्यांना मोकळीक मिळाली.

कधीकधी जास्तच. एल्डन रिंगमधल्या मालेनिया या बॉसचा वॉटरफाउल डान्स हा हल्ला बघा. ती हवेत उडते, क्षणभर थांबते आणि वारांची सरबत्ती सुरू होते, एक लाट, दुसरी, तिसरी, मग आणखी एक तडाखा. त्यातून सुटायची तोपर्यंतच्या अख्ख्या गेमने शिकवलेली रीत चालत नाही. ती जवळ असताना सुरू झालं तर नुसत्या रोलच्या टायमिंगने भागत नाही, आधीच अंतर ठेवावं लागतं. शिवाय तिचा वार लागला की तिची तब्येत भरते, तुम्ही ढालीवर झेललात तरी. इथे का मेलो ते कळतं, पण काय करायला हवं होतं ते कळत नाही, आणि बहुतेक जण शेवटी व्हिडिओ बघूनच शिकतात. याला मी चांगलं डिझाइन म्हणणार नाही. पण याच मालेनियामुळे २०२२ मध्ये तो अवलिया खेळाडू गाजला, अंगावर चिलखत नाही, डोक्यावर फक्त मडकं, दोन्ही हातांत कटाना (जपानी तलवारी). परक्यांच्या गेममध्ये समन होऊन यायचा आणि तिला एकटाच लोळवून जायचा. असे प्रसंग सोप्या बॉसमुळे घडत नाहीत, हेही खरं.

२०२४ च्या शॅडो ऑफ द अर्डट्री या एल्डन रिंगच्या डीएलसीचा (जोडभागाचा) शेवटचा बॉस राडान मात्र माझ्या कसोटीवर सरळ नापास. दुसऱ्या फेजमध्ये पडद्यावर इतका उजेड व्हायचा की वार कुठून आला तेच दिसायचं नाही. दिसतच नसेल तर शिकायचं काय? काही महिन्यांत पॅच आला, उजेड कमी केला, एक-दोन वार बदलले, आणि तोच बॉस एकदम खेळण्यासारखा झाला.

त्याहून वाईट जात म्हणजे गेमने शिकवलेलं सगळं बॉसच्या दाराबाहेर ठेवायला लावणारे. २०११ चा डेअस एक्स: ह्युमन रेव्होल्यूशन तुम्हाला लपूनछपून, हॅकिंग करून, कोणालाही न मारता पुढे जाऊ देतो. मग अचानक एका खोलीत कोंडतो आणि म्हणतो, आता बंदुकीने लढ. ज्याने सगळे पॉइंट हॅकिंगमध्ये घातले त्याने काय करायचं? त्या लढाया बाहेरच्या स्टुडिओकडून करून घेतल्या होत्या, ते नंतर उघड झालं. २०१३ च्या डायरेक्टर्स कटमध्ये त्या बदलून हॅकिंग आणि लपण्याची सोय दिली. तुमच्या तक्रारीशी याचा संबंध असा, की बॉस म्हणजे परीक्षा असेल तर अभ्यासक्रमाबाहेरचं विचारू नये. बाकी स्पंजसारखे नुसतेच वार पीत राहणारे बॉस आणि दर वेळी तेच न टाळता येणारं कटसीन (मधला चित्रपटासारखा प्रसंग) यांच्याबद्दल बोलायलाच नको.

आता मजा काय येते, हा तुमचा खरा प्रश्न. मी सेकिरो या गेमचं (२०१९) उदाहरण देतो, कारण मला बॉस फाइट आवडायला लागल्या त्या तिथून. गेनिचिरो हा बॉस सुरुवातीलाच भेटतो, तुमचा हात तोडतो आणि जातो. पुढे अशिना किल्ल्याच्या माथ्यावर तो परत भेटतो तेव्हा सुरुवातीला तुम्ही नेहमीच्या सवयीने पळता, संधी बघून एक वार करता, पुन्हा पळता. असं केलं की त्याचा पोश्चर बार (तोल किती ढळलाय ते दाखवणारी पट्टी) पुन्हा पुन्हा रिकामा होतो आणि लढाई संपतच नाही. मग कधीतरी नाइलाजाने तुम्ही उभे राहता आणि त्याचे वार तलवारीवर घेता. वेळ अचूक साधली की ठिणगी वेगळी उडते आणि आवाज जास्त खणखणीत येतो. हळूहळू तुम्ही डोळ्यांनी नाही, कानांनी खेळायला लागता. त्याच्या लांबलचक कॉम्बोची (सलग वारांची) आधी भीती वाटायची. आता तो सुरू झाला की उलट बरं वाटतं, कारण त्यातला प्रत्येक वार तुम्ही अडवलात की बार त्याचाच भरतो. शेवटी तो चिलखत टाकून विजा फेकायला लागतो. तेव्हा उडी मारायची, वीज हवेत अंगावर घ्यायची आणि पाय जमिनीला लागायच्या आत ती त्याच्यावरच उलटवायची. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मी एकटाच असताना मोठ्याने ओरडलो होतो.

या सगळ्यात तुमच्या पात्राची ताकद फारशी वाढलेली नसते. काल जो गेनिचिरो तुम्हाला एका मिनिटात लोळवत होता, तो आजही तोच आहे. बदललेले असता तुम्ही. आकडे वाढवून जिंकण्यात हे सुख नाही.

क्लेअर ऑब्स्क्युर: एक्स्पेडिशन ३३ मध्ये मला त्याची उलटी बाजू दिसली. २०२५ चा हा गेम, माँपेलिएच्या नव्या स्टुडिओचा, द गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातला सर्वोत्तम ठरला. लढाई पाळीपाळीने, पण शत्रूच्या पाळीला तुम्ही हातावर हात ठेवून बसायचं नाही, डॉज किंवा पॅरी (अचूक वेळी वार परतवणं) करायची. डॉजला सवलत जास्त, पॅरीला कमी. आणि डॉज 'परफेक्ट' आला की समजायचं, याच वेळेला पॅरी बसली असती. म्हणजे गेम स्वतःच सांगतो तुम्ही किती जवळ आहात. अप्रतिम. पण तिसऱ्या अंकात ९,९९९ ची डॅमेजची मर्यादा उठते, आणि इकडचं तिकडचं सगळं खेळून शेवटच्या बॉसकडे गेलात तर तो धड काही करायच्या आत आडवा होतो. इतक्या सुंदर उभारलेल्या कथेचा शेवट असा फुसका झाल्यावर मला मार्गिटची आठवण आली.

'किती जवळ आलो' हे सांगण्याची सर्वांत साधी युक्ती कपहेडची (२०१७). लढताना बॉसचा हेल्थ बार दिसत नाही. मेल्यावर एक रेघ दिसते, तिच्यावर बॉसच्या फेजेसच्या खुणा, आणि तुमचं छोटंसं पात्र धावत जाऊन तुम्ही मेलात तिथे थांबतं. शेवटच्या खुणेच्या जराशा अलीकडे थांबलं की झोप उडालीच म्हणून समजा. रिट्राय दाबला की लगेच पुन्हा सुरू, रस्ताबिस्ता काही नाही.

मी स्वतः नवीन बॉसशी काय करतो, तर पहिल्या काही वेळा वार करतच नाही. नुसतं बघतो, चुकवतो, मरतो. जिंकायचं नसलं की हात घाबरत नाहीत आणि डोळे काम करतात. आणि ज्या फेजपर्यंत सहज पोचत होतो तिथेही मरायला लागलो, की बंद करतो. तेव्हा हात थकलेले असतात, आणखी खेळून फक्त चुका पक्क्या होतात. दुसऱ्या दिवशी बरेचदा पहिल्या काही प्रयत्नांत जमतं.

डिफिकल्टी कमी करण्यात लाज कसली? लाइज ऑफ पी सुरुवातीला एकाच डिफिकल्टीत होता, २०२५ मध्ये त्यातही पर्याय आले आणि आभाळ कोसळलं नाही.

पुढे काय खेळावं, तर तुम्ही आत्ता सेकिरो घेऊ नका. चिडलेल्या माणसाचा तो गेम नाही. हेडीज घ्या, २०२० चा पहिला. तिथे मरणं हाच कथेचा रस्ता आहे, मेलात की घरी पोचता आणि गोष्ट पुढे सरकते. गॉड मोड लावलात तर सुरुवातीला २० टक्के संरक्षण मिळतं आणि प्रत्येक मरणागणिक २ टक्क्यांनी वाढत ८० पर्यंत जातं, तेव्हा कायमचं अडकायची भीती नाही. मेगाएरा ही पहिली बॉस. तिने तुम्हाला मारलं काय किंवा तुम्ही तिला, दोघांचाही मुक्काम शेवटी त्याच घरात. मधूनमधून ती तिथल्या लाउंजमध्ये पीत बसलेली दिसेल. जाऊन बोला तिच्याशी, फटकळ आहे पण संवाद झकास लिहिलेत.