तपासणी कधी थांबवायची, हाही पीएचडीचा विषय आहे

प्रश्न : मी संख्याशास्त्रात बीएस्सी केलं असून सध्या जनआरोग्य विषयात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. पीएचडीसाठी दोन ठिकाणी बोलणं झालं आहे. एक प्राध्यापक कर्करोगाच्या जनुकांवर काम करतात. त्यांचं नाव मोठं आहे, हाताखाली विद्यार्थीही भरपूर आहेत. दुसऱ्या मॅडम वयस्कर लोकांच्या कॅन्सर स्क्रीनिंगचा, म्हणजे काही त्रास नसताना केलेल्या तपासणीचा, अभ्यास करतात. त्यांच्याकडे दोनच विद्यार्थी आहेत. मला मॅडमचा विषय आवडला. पण घरचे म्हणतात, ऐंशीच्या घरातल्या माणसांच्या तपासण्यांवर पाच वर्षं घालवून पुढे काय? मलाही एक शंका आहे. निदान लवकर झालं तर चांगलंच असतं, मग यात शोधायचं काय उरलं?

उत्तर : तुझ्या शेवटच्या शंकेपासून सुरुवात करते. तिचं उत्तर मिळालं की बाकीचं बरंच आपोआप सुटेल.

समज, एका बाईंचा कर्करोग तपासणीत 76व्या वर्षी सापडला आणि 81व्या वर्षी त्या गेल्या. आता असं धर की तपासणी झालीच नाही, त्रास सुरू झाल्यावर 80व्या वर्षी निदान झालं आणि 81व्या वर्षीच त्या गेल्या. पहिल्या हिशोबात त्या निदानानंतर पाच वर्षं जगल्या, दुसऱ्यात एक वर्ष. कागदावर तपासणीचा मोठा विजय दिसतो, पण आयुष्य एका दिवसानेही वाढलेलं नाही. वाढली ती फक्त आजारी म्हणून काढलेली वर्षं. याला लीड टाइम बायस म्हणतात, हे तू वर्गात शिकली असशील. उतारवयात याच्या जोडीला ओव्हरडायग्नोसिस येतं. म्हणजे जो कर्करोग त्या माणसाला जिवंतपणी कधीच त्रास देणार नव्हता, तोच शोधून त्यावर शस्त्रक्रिया आणि औषधं सुरू होतात.

त्यातच फायदा आणि तोटा एका वेळी येत नाहीत. स्तनाच्या आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या तपासणीच्या ट्रायल, म्हणजे लोकांचे गट पाडून केलेले प्रयोग, एकत्र करून 2013 साली जे विश्लेषण झालं, त्यात हजार जणांची तपासणी केल्यावर एक मृत्यू टळायला साधारण दहा वर्षं लागतात असं दिसलं. तोटा मात्र लगेच सुरू होतो. आजार नसताना आलेला खोटा पॉझिटिव्ह रिपोर्ट, बायॉप्सी (तुकडा काढून तपासणं), आतड्यात दुर्बीण घालून करायच्या कोलोनोस्कोपीत क्वचित आतड्याला होणारी इजा, आठवडेच्या आठवडे पोखरणारी काळजी. तेव्हा खरा प्रश्न असा, की समोरच्या माणसाकडे ती दहा वर्षं आहेत का?

नुसतं वय विचारून हे कळत नाही. 2001 साली अमेरिकेतल्या आयुर्मानाच्या तक्त्यांवरून एक मांडणी प्रसिद्ध झाली, ती जरूर वाच. 75 वर्षांच्या स्त्रियांपैकी सर्वांत धडधाकट चौथा हिस्सा पुढे 17 वर्षं किंवा त्याहून जास्त जगतो, तर सर्वांत खालावलेला चौथा हिस्सा 7 वर्षांच्या आतच जातो. वय एकच, पण एकीला तपासणीचा उपयोग आहे आणि दुसरीला ती निव्वळ शिक्षा आहे. म्हणून अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाची शिफारस आतड्याच्या कर्करोगासाठी 45 ते 75 वयात सरसकट तपासणी, 76 ते 85 मध्ये माणूस बघून, आणि त्यानंतर बंद अशी आहे. ते ‘माणूस बघून’ म्हणजे नेमकं काय बघायचं, तुझी पाच वर्षं यातच जातील आणि पुरायची नाहीत.

संख्याशास्त्राची मुलगी म्हणून तुला यात विशेष वाव आहे. मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीच्या, जुन्या मोठ्या ट्रायलमध्ये 75च्या पुढच्या बायका जवळपास नव्हत्याच. मग पुरावा आणायचा कुठून? प्रत्यक्ष झालेल्या तपासण्यांच्या नोंदींमधून. पण ज्या बायका ऐंशीव्या वर्षीही नेमाने तपासणीला जातात, त्या मुळातच जास्त तंदुरुस्त असतात. त्यांची इतरांशी सरळ तुलना केलीस तर उत्तर हमखास चुकणार. 2020 साली संशोधकांनी अमेरिकेच्या मेडिकेअरच्या, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याच्या, नोंदी वापरून, जणू ट्रायलच चालू आहे अशा शिस्तीने, दहा लाखांहून अधिक स्त्रियांचा डेटा तपासला. 70 ते 74 वयात मॅमोग्राफी चालू ठेवल्याने आठ वर्षांत हजारामागे सुमारे एक मृत्यू कमी झाला; 75 ते 84 मध्ये तसा फरक दिसला नाही. हे काम पाहिलंस की सर्व्हायव्हल अ‍ॅनालिसिस, म्हणजे कोण किती काळ जगलं याचा हिशोब, का शिकायचं ते कळेल.

आणखी एक बाजू मला फार मोलाची वाटते, ती म्हणजे हे सांगायचं कसं. 2017च्या एका अभ्यासात 40 ज्येष्ठांच्या मुलाखती घेतल्या होत्या. ‘फायदा होण्याइतकं तुम्ही जगणार नाही’ हे वाक्य त्यांना लागलं. ‘या तपासणीने तुमचं आयुष्य वाढणार नाही’ हे त्यांनी जास्त सहज स्वीकारलं. अर्थ जवळजवळ तोच, पण पहिल्यात डॉक्टर माणसावर निकाल देतो आणि दुसऱ्यात तपासणीवर. आकडेवारीबरोबर मुलाखत घ्यायचं तंत्रही शीक. दोन्ही येणारी माणसं कमी आहेत.

घरच्यांशी बोलताना एक गोष्ट स्पष्ट कर. हे सगळं काही त्रास नसताना केलेल्या तपासणीबद्दल आहे. नव्वदीतल्या बाईंना गाठ लागली किंवा आजोबांना शौचातून रक्त गेलं तर ते स्क्रीनिंग नव्हे, तिथे डॉक्टरांकडे जायलाच हवं. म्हाताऱ्यांवर उपचार नकोत असं ठरवणारा हा विषय नाही. त्यांना नको त्या त्रासातून सोडवून हवं ते मिळवून देणारा आहे. आणि ‘पुढे काय’ याची चिंता करू नका म्हणावं. 2030 पर्यंत जगातल्या दर सहा माणसांपैकी एक साठीच्या पुढचा असेल, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. विद्यापीठं, आरोग्य खाती, ट्रायल चालवणाऱ्या संस्था, सगळीकडे हे कौशल्य लागतं.

आता मार्गदर्शक. नाव मोठं म्हणून नको आणि विद्यार्थी कमी म्हणूनही नको. मॅडमना भेटायच्या आधी एका पानावर तुझा प्रश्न लिहून पाठव. समज, तू लिहिलंस, ‘75 वर्षांपुढील स्त्रियांमध्ये मॅमोग्राफीचा उपयोग’. चांगला मार्गदर्शक व्याकरण दुरुस्त करून परत देणार नाही. उपयोग कुणाच्या तुलनेत? वेळ कुठल्या दिवसापासून मोजणार? नोंदीत मॅमोग्राफी लिहिली आहे, पण ती गाठ लागली म्हणून केली की नेहमीची, हे कसं ओळखणार? असे प्रश्न त्या पानाच्या कडेला लिहून आले, तर त्या बाईंकडे शिकायला मिळेल. ‘छान आहे, या’ एवढंच आलं तर थांब.

त्यांच्या दोन्ही विद्यार्थ्यांना एकेकटं भेट. मसुदा किती दिवसांत परत येतो, शोधनिबंधावर पहिलं नाव कुणाचं, चूक झाली तर मॅडम कशा बोलतात, हे मोकळेपणाने विचार. प्राध्यापकांच्या विद्यार्थ्यांनाही हेच विचार. तिथे रोजचं मार्गदर्शन बहुधा एखादा पोस्टडॉक, म्हणजे पीएचडी संपवून तिथे काम करणारा संशोधक, करत असेल, तसं असेल तर निवड त्या माणसाची कर. लहान गटाचा धोकाही आहे. मॅडमनी संस्था सोडली किंवा निधी संपला तर तुझं काय, हे आधीच बोलून घे. डेटा वापरायची परवानगी कागदावर आहे का ते बघ. या विषयात परवानगीपायी वर्ष-वर्ष वाया जातं.

सगळं एकाच व्यक्तीकडून मिळेल ही अपेक्षा ठेवू नकोस. आकडेशास्त्रासाठी एक आणि वृद्धांवर रोज उपचार करणारा डॉक्टर एक, असे दोन सहमार्गदर्शक माग. शिकवणं हे संशोधकाचं फावल्या वेळचं काम नव्हे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत के-24 नावाचं अनुदान आहे. करिअरच्या मधल्या टप्प्यावरच्या संशोधकांना नव्यांना घडवण्यासाठी वेळ राखून ठेवता यावा म्हणूनच ते दिलं जातं. मॅडमच्या आठवड्यात विद्यार्थ्यांसाठी ठरलेला तास आहे का, हे विचारायला संकोच करू नकोस.

माझं मत विचारशील तर कल मॅडमकडे आहे, पण परवानगी आणि निधी या दोन गोष्टींची खात्री झाल्यावरच. प्राध्यापकांना तोवर नकार कळवू नकोस. निर्णयासाठी महिनाभराची मुदत सरळ मागून घे. आणि ते एक पान मॅडमना पाठवण्याआधी मला पाठवलंस तर मी वाचून देईन.